विहिरीच्या काठावर

१८८१ सालच्या एप्रिल महिन्यात सुरतेच्या सत्र न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या चोवीस वर्षांच्या ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली. वैधव्यात झालेले मूल तिने जन्मताच मारले होते. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात आले. मे महिन्यात फाशी टळून जन्मठेपेचे काळे पाणी झाले आणि पुढे सरकारने ती शिक्षा पाच वर्षांवर आणली. एकाच कृत्याला काही महिन्यांत तीन शिक्षा झाल्या. कृत्य बदलले नव्हते, पुरावा बदलला नव्हता. बदलत होते ते एवढेच, की तिच्याकडे पाहणाऱ्यांना त्या कृत्यामागे काय काय दिसत होते.

बाईच्या हातून हिंसा घडते तेव्हा ती कुठून येते, या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास लिहायचा तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. शरीर, मन आणि समाज अशी तीन दारे अभ्यासक सांगतात. गुन्हेशास्त्राच्या पुस्तकांत ती तीन वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. विजयालक्ष्मीच्या खटल्यात तिन्ही एकाच खोलीत उघडत होती, पण न्यायालयाने त्यातले एकही नीट उघडून पाहिले नाही.

वर्तमानपत्रांनी मात्र एक दार सताड उघडले. वरचेवर येणाऱ्या अशा खटल्यांवरून बायकांच्या नव्या स्वैर वागण्यावर तोंडसुख घेणे सुरू झाले, त्यात ‘पुणेवैभव’ पुढे होते. विदर्भात बुलढाण्याला राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी ते वाचले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंनी संतापून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि १८८२ साली ती पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. पाने बावन्न, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले नसते, तर आमच्या पिढीला ते भेटलेच नसते.

ताराबाईंच्या पुस्तकाची स्त्रीमुक्तीचा पहिला उद्गार म्हणून नेहमी आठवण निघते आणि ते योग्यच आहे. मी मात्र ते अलीकडे गुन्हेशास्त्राचे पुस्तक म्हणून वाचते. बायकांच्या दोषांची जंत्री देणारा संस्कृत श्लोक त्या हातात घेतात आणि एकेका दोषाची उलटतपासणी करतात. साहस, कपट, अविचार हे दोष बाईत आहेत असे तुम्ही म्हणता. मग तेच पुरुषात नाहीत काय, आणि असतील तर जास्त आहेत की कमी? आपल्या परंपरेत असे श्लोक पुष्कळ आहेत. काहींत बायकांचे हे दोष ‘स्वभावज’ आहेत असे साफ म्हटलेले असते. ‘स्वभावज’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आज ज्याला आपण जैविक कारण म्हणू, त्याचेच ते जुने नाव. बाई जन्मतःच तशी असते, हा सिद्धान्त आपल्याकडे कवटी मोजायची पट्टी येण्याच्या कितीतरी आधी तयार होता.

पट्टी आली ती इटलीतून. चेझारे लोम्ब्रोझो आणि त्याचा जावई गुल्येल्मो फेरेरो यांचे गुन्हेगार स्त्रियांवरचे पुस्तक १८९३ साली निघाले, म्हणजे ताराबाईंच्या नंतर अकरा वर्षांनी. तुरुंगातल्या बायकांच्या कवट्या, जबडे, केस, पायाची बोटे मोजून त्यांनी ठरवले की बाई उत्क्रांतीत पुरुषाच्या मागे असल्याने जन्मजात गुन्हेगार बायका थोड्या. पण जी असते ती पुरुषापेक्षा भयंकर, कारण तिच्यात बाईपण उरलेलेच नसते. या तर्कातली गंमत पाहा. थोड्या बायका गुन्हा करतात हा बाईचा दोष, आणि जी करते ती बाईच नव्हे. ताराबाईंच्या हाती हे पुस्तक पडले असते तर त्यांनी त्याचे काय केले असते, याची कल्पना करायला मला आवडते.

आपल्या सरकारला मात्र लोम्ब्रोझोची गरज पडली नाही. १८७१ सालीच गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. तो आधी उत्तरेत लागू झाला, आणि १९११च्या कायद्याने देशभर लागू करण्याची सोय झाली. एखाद्या जमातीत जन्मलेली बाई पाळण्यातच संशयित ठरली. गुन्हा रक्तातून येतो असे समजून एवढा मोठा कायदा करणे आणि तो १९५२पर्यंत चालवणे, हा आपल्या इतिहासातला जैविक सिद्धान्ताचा सर्वांत मोठा प्रयोग. त्याचे निष्कर्ष काय निघाले ते विमुक्तांच्या कुठल्याही वस्तीत आजही पाहायला मिळतात.

विजयालक्ष्मीच्या अठरा वर्षे आधी पुण्यात काशीबाई झाली होती. तिची हकीकत जोतीराव फुले यांनी डिसेंबर १८८४मध्ये बेहरामजी मलबारींच्या सुधारणा-मसुद्यांवर मत देताना लिहून ठेवली आहे. काशीबाई तरुण ब्राह्मण विधवा. जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. दिवस गेल्यावर तिने औषधे घेऊन पाहिली, ती लागू पडली नाहीत. मुलगा झाला. तिने सुरीने त्याला मारले आणि घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी प्रेत सापडले, खटला चालला आणि काशीबाई जन्मठेपेवर काळ्या पाण्याला गेली. शास्त्रीबोवांचे पुढे काय झाले हे विचारण्याची कोणत्याही न्यायालयाला गरज वाटली नाही, कारण १८६२पासून अमलात आलेल्या भारतीय दंडविधानात गर्भार करून सोडून देणे हा गुन्हा नव्हता.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी यावर केलेली कृती सर्वांना ठाऊक आहे. १८६३ साली त्यांनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी इथे यावे, गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा इथेच ठेवावे, अशा अर्थाच्या जाहिराती ब्राह्मणवस्तीत लावल्या. बाळंतपणे सावित्रीबाई करीत. ‘सर्वांना ठाऊक’ असल्यामुळेच एक आकडा मात्र सहसा कोणी वाचत नाही. जोतीराव त्याच टिपणात सांगतात की तोवर पस्तीस विधवा या घरात बाळंत झाल्या, त्यातली पाच मुले जगली आणि तीस दगावली. कारणही ते देतात: गर्भ पडावा म्हणून आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच झालेली इजा.

या आकड्यापाशी मी बराच काळ थांबले आहे. त्या घरात येणाऱ्या बायका म्हणजे मूल न मारणाऱ्या बायका; काशीबाईच्या वाटेने न जाता त्या सावित्रीबाईंच्या दाराशी आल्या. तरी पस्तीसांतली तीस मुले मेली. म्हणजे हिंसा सुरी उचलण्याच्या क्षणी सुरू झालेली नव्हती. ती चार-पाच महिने आधी, कुणा सुईणीच्या किंवा वैदूच्या पुडीतून सुरू झाली होती आणि तिचा पहिला घाव बाईच्या स्वतःच्या शरीरावर पडत होता. काशीबाई आणि या पस्तीसजणी यांच्यात स्वभावाचा फरक नव्हता. फरक होता तो पत्त्याचा. एकीला जायला घर नव्हते, बाकीच्यांना ते सापडले. सामाजिक कारण या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ मला माहीत नाही.

अशाच एका मुलाला, १८७४ साली याच घरात जन्मलेल्या यशवंतला, जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतले. त्याच्या आईचे नावही काशीबाईच होते. पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर यांनी बालकाश्रम काढला आणि तो मुंबईच्या प्रार्थना समाजाने चालवला, तोही याच काळात. चंद्रभागेच्या वाळवंटात वारीच्या गर्दीत सोडलेली मुले तिथे येत. पुढच्या शतकात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, शांतिलाल शाह समितीच्या अहवालानंतर १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला, आणि विधवेने मूल मारल्याचे खटले विरळ होत गेले. विधवांचा स्वभाव सुधारला म्हणून हे झाले, असे कोणी म्हणणार नाही.

आता शरीराच्या दाराकडे येऊ. सामाजिक कारणावर सगळे भागवून मोकळे व्हावे असा मोह माझ्यासारखीला होतो, पण काशीबाई आणि विजयालक्ष्मी या नुकत्याच बाळंत झालेल्या बायका होत्या हे विसरून चालत नाही. फ्रान्समध्ये लुई-व्हिक्टर मार्से या वैद्याने गरोदर आणि बाळंतिणींच्या वेडावर १८५८ सालीच सबंध पुस्तक लिहिले होते. बाळंतपणानंतर पहिल्या पंधरवड्यात काहीजणींना भ्रम होतात, झोप उडते, हे मूल आपले नाही किंवा यात काही वाईट शिरले आहे अशी खात्री वाटू लागते. हजार बाळंतपणांत एक-दोघींना हे होते, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्याकडे याला ‘बाळंतवात’ म्हणत, ‘बाहेरचे काही लागले’ म्हणत. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांना ते दिसत होते. न्यायालयात ते पोचत नव्हते, कारण जिचे बाळंतपणच लपवायचे आहे तिच्या उशाशी म्हातारी बसत नाही.

इंग्लंडने १९२२ साली बालहत्येचा वेगळा कायदा केला. प्रसूतीच्या परिणामांतून आई अद्याप सावरली नसेल तर नवजात मुलाच्या हत्येला खून मानायचे नाही. १९३८मध्ये ती मुदत बारा महिन्यांपर्यंत वाढवली. आपला दंडविधान इंग्रजांनीच दिलेला, पण ही सुधारणा त्यांनी इथे आणली नाही आणि आपणही आणली नाही. १ जुलै २०२४पासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही असे कलम नाही. मूल टाकून देण्याचे कलम आहे, जन्म लपवण्याचे आहे, आणि नाहीतर सरळ खून. मधली जागा रिकामी आहे. आरोपी बाईने आपण वेडाच्या भरात होतो असे म्हणायचे, तर ते सिद्ध करण्याचा भार तिच्यावर. आणि बाळंतवेड तर योग्य उपचारांनी बरे होणारे, त्यामुळे खटला उभा राहीपर्यंत ती शहाणी झालेली असते. शहाण्या बाईने आपण तेव्हा वेड्या होतो हे कसे दाखवायचे?

शरीराच्या दारातून आलेले दुसरे पाहुणे मात्र तपासून घ्यावे लागतात. ओटो पोलाक या अभ्यासकाने १९५० साली लिहिले की बायका पुरुषांइतकेच गुन्हे करतात, फक्त लपवतात. लपवण्याची सवय त्यांना मासिक पाळी लपवण्यातून लागते. हे वाचून हसू येते, पण याच धाग्याने पुढे १९८०-८१मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात पाळीपूर्व ताणाचा बचाव मांडला गेला आणि डॉ. कॅथरिना डाल्टन यांच्या साक्षीने तो मान्यही झाला. दोन बायकांना त्याचा लाभ मिळाला. त्यावर स्त्रीवाद्यांनीच हरकत घेतली आणि मला ती पटते. दोघी सुटल्या, पण बाकीच्या सगळ्याजणी दर महिन्याला चार दिवस संशयित ठरल्या. चार दिवस बाहेर बसवण्याची रीत कशीबशी मोडत आणली, तर ती विज्ञानाचा कोट घालून न्यायालयात येऊन बसली.

जनुकांचे म्हणाल, तर १९९३ साली हॉलंडमध्ये हान ब्रुनर यांना एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या हिंसक वागणाऱ्या माणसांत एका विकराच्या जनुकात दोष सापडला. ही हिंसक माणसे सर्व पुरुष. जनुक एक्स गुणसूत्रावर. बाईकडे त्या गुणसूत्राच्या दोन प्रती, एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. त्या घरातल्या बायका दोष वाहत होत्या, पण मुलग्यांकडे पोचवण्यापुरत्याच. न्यूझीलंडमधल्या २००२च्या अभ्यासाने पुढे दाखवले की या जनुकाच्या सौम्य फरकाचा परिणाम मुख्यतः लहानपणी ज्यांचा छळ झाला अशा मुलग्यांत दिसतो. भारतातल्या तुरुंगांत २०२२ अखेर स्त्रिया होत्या शंभरात चार. जीवशास्त्राला हिंसेबद्दल काही विचारायचेच असेल तर उरलेल्या शहाण्णवांबद्दल विचारावे. तिथे त्याच्याकडे सांगण्यासारखे अधिक आहे.

मनाच्या दाराकडे जाताना वाटेत विहीर लागते. मराठीत ‘विहीर जवळ केली’ असा शब्दप्रयोग आहे आणि तो उच्चारताना कर्ता बहुधा स्त्रीलिंगीच असतो. बाई एकटी जात नाही, पदराला मूल बांधून जाते. आणि पुष्कळदा असे होते की तिला कोणी वर काढते आणि मूल जाते. मग ती आई खुनी ठरते काय?

१९४० साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे धिराजिया नावाच्या बाईचा खटला आला. नवरा मारझोड करी. एका रात्री सहा महिन्यांचे मूल घेऊन ती घरातून निघाली. मागे पावले वाजली, वळून पाहते तो नवरा. घाबरून तिने जवळच्या विहिरीत उडी घेतली. मूल मेले, ती वाचली. खालच्या न्यायालयाने तिला खुनी ठरवले होते. उच्च न्यायालयाने म्हटले की हा सदोष मनुष्यवध आहे, खून नव्हे, आणि आत्महत्येचा प्रयत्न तर नव्हेच, कारण तिला मरायचे नव्हते, नवऱ्यापासून पळायचे होते. शिक्षा सहा महिन्यांची झाली.

बारा-तेरा वर्षांनी मध्य भारत उच्च न्यायालयापुढे ग्यारसीबाई आली. ग्वाल्हेर-इंदूरचा हा मुलूख शिंदे-होळकरांचा, मराठी माणसाला परका नव्हे. तिचे भांडण नणंदेशी. १९५१च्या ऑगस्टमध्ये ती तीन मुलांना घेऊन विहिरीत उतरली, मुले बुडाली, ती वाचली. इथे न्यायालय म्हणाले की मागे कोणी लागले नव्हते. उडी मारली तर मुले मरतील हे तिला कळत होते. तेव्हा हा खून. जन्मठेप कायम झाली, आणि ती देताना त्याच न्यायमूर्तींनी शिक्षा कमी करावी अशी शिफारस सरकारला केली. कायद्याने हात बांधलेला माणूस शिफारस लिहितो तेव्हा त्याला काहीतरी दिसलेले असते.

धिराजियाच्या मागे दिसणारा नवरा होता, ग्यारसीबाईच्या मागे न दिसणारे घर होते. कायद्याला पावलांचा आवाज ऐकू येतो, रोजच्या टोमण्यांचा येत नाही. मानसशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत जे शिकवले ते मुख्यतः हेच, की संताप आणि भीती साठत जातात, आणि बाईच्या बाबतीत त्यांचा स्फोट चिथावणीच्या क्षणी न होता तासांनी, दिवसांनी होतो. १९८९ साली मद्रास उच्च न्यायालयाने सुयंबुकनी हिच्या खटल्यात हे प्रथम मान्य केले. सात मुलांना विहिरीत टाकून स्वतः उडी घेणाऱ्या नल्लतंगाळ या तमिळ लोककथेतल्या बाईची तिथे आठवण निघाली आणि दीर्घकाळ साचत गेलेली चिथावणी हीसुद्धा चिथावणीच होय, असे ठरले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालिया या पंजाबी बाईने दहा वर्षांच्या मारहाणीनंतर झोपलेल्या नवऱ्याला पेटवले; १९९२च्या अपिलात तिची खुनाची शिक्षा रद्द झाली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३मध्ये मंजू लाक्रा हिच्या बाबतीत हाच विचार उचलला. या यादीत मुंबईचे नाव घालता आले असते तर बरे वाटले असते.

सगळी हिंसा एकटीची नसते. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर खोलीत, कस्तुरबानगर झोपडपट्टीतल्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला तिखटाची पूड, दगड आणि सुऱ्यांनी संपवले. कित्येक वर्षे तो वस्तीतल्या बायकांवर बलात्कार करीत होता आणि पोलीस तक्रार घेत नव्हते. अटक झालेल्यांना सोडवायला शेकडो बायका ‘आम्हीच मारले’ म्हणत पुढे आल्या. दहा वर्षांनी उरलेले आरोपी पुराव्याअभावी सुटले. इथे हार्मोन शोधायला कोणी गेले नाही. मात्र या घटनेचे कौतुक ऐकताना मी अस्वस्थ होते हेही नोंदवते. ज्या न्यायालयाच्या खोलीत हे झाले तीच खोली त्या बायकांना कधी मिळाली नव्हती, ही माझ्या मते यातली खरी भयंकर गोष्ट, आणि कौतुकाच्या भरात तीच दिसेनाशी होते.

इथवर लिहिले ते वाचून वाटेल की गुन्हेगार बाई म्हणजे शेवटी पीडितच. तसे असते तर हा लेख सोपा झाला असता. पण महाराष्ट्रात अंजनाबाई गावितही होऊन गेली. ती आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या काळात तेरा मुलांचे त्यांनी अपहरण केले, असे खटल्यात म्हटले होते. जत्रा, देवळे, स्थानके इथून मूल उचलायचे, पाकीटमारी करताना जवळ ठेवायचे, पकडले गेलो तर मुलाला पुढे करायचे, आपटायचे, म्हणजे गर्दी द्रवते. मूल नकोसे झाले की मारायचे. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात वारली. मुलींना २००१ साली कोल्हापूर सत्र न्यायालयाने फाशी दिली. ती उच्च न्यायालयात आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला.

अंजनाबाईच्या आयुष्यात सामाजिक कारणे शोधणाऱ्याला ती भरपूर सापडतात: टाकून दिलेली बाई, दुसऱ्या नवऱ्यानेही दुसरे घर केलेले, पोटासाठी पाकीटमारी. त्या सवतीच्या मुलीचा जीव घेतल्याचा आरोपही याच मालिकेत आहे आणि तिच्याच दुसऱ्या मुलीपर्यंत हात पोचण्याआधी या तिघी पकडल्या गेल्या. पण टाकून दिलेल्या बायका महाराष्ट्रात लाखांनी आहेत. परित्यक्तांच्या परिषदा भरल्या, त्यांनी भाकरी भाजून, धुणी धुऊन मुले वाढवली. कारणे सांगून जे उरते ते इथे खूप मोठे उरते. मानसशास्त्र इथे सहानुभूतीच्या अभावाबद्दल बोलेल. मला लक्षात राहतो तो त्या तिघींचा धंद्याचा हिशेब. बाईच्या कडेवर मूल असले की गर्दी तिच्यावर विश्वास ठेवते, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट ठाऊक होते. आपल्या मनातल्या आईच्या चित्राचाच त्यांनी हत्यारासारखा उपयोग केला. लोम्ब्रोझो म्हणाला असता, यांच्यात बाईपण उरले नव्हते. खरे तर त्यांनी बाईपणाचे भांडवल केले होते.

राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४मध्ये फेटाळला. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. कारण त्यांच्या मनाचे नव्हते, शरीराचे नव्हते आणि बालपणाचेही नव्हते. दयेच्या अर्जावर शासनाने सात वर्षे दहा महिने पंधरा दिवस लावले होते, एवढेच.

आता आमच्या उपनगरांकडे. मी मुलुंडला राहते. इथल्या जुन्या गावठाणांतल्या विहिरी बहुतेक बुजल्या. ‘विहीर जवळ करणे’ इथे उंच मजला किंवा रेल्वेचा रूळ जवळ करणे झाले आहे. अशा बातमीत ‘कौटुंबिक वादातून’ हा एक शब्द ठरलेला असतो. ग्यारसीबाईचे सगळे घर त्या एका शब्दात मावते. बातमी दोन रकाने आणि चार दिवस टिकते. याउलट २००८च्या मे महिन्यात मालाडच्या एका सदनिकेत एका तरुणाचा खून झाला, ते प्रकरण तीन वर्षे पुरले. मारणारा होता एक नौदल अधिकारी. त्याला २०११मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षे झाली. घर ज्या मारिया सुसायराज या अभिनेत्रीचे, तिला खुनासाठी दोषी धरले नाही, पुरावा नष्ट केल्याबद्दल तीन वर्षे झाली, जी तिने आधीच भोगली होती. तरी अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये चर्चा कोणाची होती? चर्चा तिच्याच नावाची होती. प्रेत विल्हेवाटीला लावायला मदत करणारी बाई ही प्रत्यक्ष मारणाऱ्या पुरुषापेक्षा मोठी बातमी असते. १८८१च्या ‘पुणेवैभव’पासून आपण या बाबतीत फारसे हललेलो नाही.

उपनगरातल्या आरोपी बायकांची रवानगी बहुधा भायखळ्याच्या महिला कारागृहात होते. तिथे २३ जून २०१७ रोजी मंजुळा शेट्ये ही कैदी मेली. भावजयीच्या खुनासाठी ती आईबरोबर शिक्षा भोगत होती. खून १९९६चा, आई तुरुंगातच वारली होती. वागणूक चांगली म्हणून येरवड्याहून तिला भायखळ्याला आणून वॉर्डर केलेले. सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, त्यावरून तिला अमानुष मारहाण झाली असा आरोप झाला आणि कारागृहाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी बराकीतल्या बायका छतावर चढल्या, जाळपोळ झाली आणि दोनशेच्या आसपास कैदी बायकांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला.

या एका प्रकरणात किती बायका आहेत पाहा. मारली गेलेली भावजय, सासू, नणंद, गणवेशातल्या सहाजणी, छतावरच्या दोनशे. पुरुष जवळजवळ नाहीच. ज्यांना बाईची हिंसा हार्मोनमध्ये शोधायची आहे त्यांनी, आणि ज्यांना ती फक्त पुरुषी जुलमाची प्रतिक्रिया वाटते त्यांनीही, या प्रकरणाशी एकदा झोंबावे. सासू आणि नणंद घरात सत्ता चालवतात ती स्वतःची नव्हे, उसनी. पण उसन्या सत्तेनेही माणूस जळतो. तुरुंगातल्या शिक्षा झालेल्या स्त्रियांत खुनानंतर हुंडाबळीचा गुन्हा ठळकपणे दिसतो, तो याच घरातला. आणि जिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आला आहे ती बाई असली म्हणून पावांचा हिशेब सौम्य होत नाही.

तुरुंगातल्या पुरुषाला भेटायला बायको येते, आई येते, डबा येतो. बाईला भेटायला कोणी फारसे येत नाही. बहुतेकींचा गुन्हाच घरातला असतो, त्यामुळे येणारे तेच असतात ज्यांनी फिर्याद दिली आहे. सहा वर्षांखालचे मूल मात्र तिला जवळ ठेवता येते, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली त्याचे नियम घालून दिले. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत आयांबरोबर अशी दीड हजारावर मुले होती. सहावे वर्ष संपले की त्यांना नातेवाईकांकडे किंवा बालगृहात पाठवतात. नातेवाईक म्हणजे पुन्हा तेच घर.